आत्याचा चष्मा आणि पोलिसांची फाइल

आमची आई आणि शेजारची मावशी चाळीसेक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. होळी नावाच्या गावात आमची घरं लागून. मधल्या शेवग्याच्या शेंगा दोघी आपापल्या बाजूने तोडायच्या, पण तोंडातून शब्द नाही. विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जाऊ नये म्हणून वडील सभा घ्यायचे. मोठ्या सभेच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना चौकीत नेलं आणि तिसऱ्या दिवशी सोडलं. सभा बुडाली. साध्या वेशातल्या पोलिसाला घरची बित्तंबातमी मावशीनेच दिली, असं आईने तेव्हाच ठरवून टाकलं. तिचं एकदा ठरलं की ब्रह्मदेवाचंही चालत नाही.

वडील गेले, आईने ऐंशी ओलांडली आणि हट्ट धरला, "मरायच्या आधी तिचं नाव असलेला पोलिसांचा कागद तिच्या तोंडावर फेकायचाय." मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दोन अपिलं केली, तेव्हा कुठे वडिलांवरच्या जुन्या गोपनीय फाइलची सहा पानं मिळाली. खबर देणाऱ्याच्या नावावर काळी शाई होती.

ओटीवर बसून मी मोठ्याने वाचू लागले. "विश्वसनीय सूत्राकडून समजते की, सदर इसमाच्या एका शब्दावर शंभर माणसे उभी राहतात."

वडिलांच्या शब्दावर आमचं मांजरही उठत नसे! पुढे होतं, "इसमाची बहीण सुगरण असून विणकामात हुशार आहे. तिला चष्मा नाही."

"आई, आत्याच्या चष्म्याशी सरकारला काय करायचं होतं गं?"

आईचा चेहरा उतरला. "तो छत्रीवाला... स्थळाच्या चौकशीला आला नव्हता?"

आमच्याकडे सोयरिकीआधी मुलाकडचं कोणीतरी गुपचूप येऊन घराणं बघून जातं. आत्या तेव्हा लग्नाची. छत्री घेतलेला अनोळखी माणूस घरात कोण येतं-जातं विचारतोय म्हटल्यावर, तो त्यातलाच समजून आईने त्याला चहा पाजून नवऱ्याची थोरवी गायली. चार-पाच वेळा. तो वहीत लिहून घेतो म्हणून खूशही झाली.

मी पोट धरून हसले. मग आईचे डोळे दिसले आणि माझी मलाच लाज वाटली.

ती कागद घेऊन शेवग्यापलीकडे गेली, मी मागोमाग. मावशी सुपात भाजी घेऊन निवडत होती.

"मीच होते गं," आई म्हणाली.

"ठाव हाय," मावशीने मान वर केली नाही. "तू त्याला चहा द्यायचीस, ते पडवीतून दिसायचं मला. पुढं चौकीतबी तोच दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या घरवाल्याला कळलं असतं तर तू त्याच्या मनातून उतरली असतीस. माझ्यावर राग धरलास, तो परवडला."

आई तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडली. मावशीने पदराला हात पुसले, कागद घेतला आणि डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला.

"पन तुझ्या नणंदेला चष्मा व्हता की गं."

"तो आला की मी तांदळाच्या डब्यात लपवायची," आई रडता रडता म्हणाली.

मावशी इतकी हसली की भाजीचं सूप उलटलं. मग दोघी मिळून सांडलेली भाजी वेचत बसल्या, आणि मला घरी जायला सांगितलं.