भाजलेली माती

रोपवाटिकेत तिला सगळे लखलख मावशी म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. कुंडी घासली की तिच्यात तोंड दिसलं पाहिजे, अशी तिची रीत. माती वापरायची ती आधी पत्र्यावर खरपूस भाजूनच, म्हणजे किडा-बुरशीचा बंदोबस्त. वीस वर्षांत तिच्या हातचं रोप कुजलं नव्हतं. बाई जरा ऐटीत असायची, पण ती ऐट तिला शोभायचीही.

म्हणून तर रोपवाटिका चालवणाऱ्या मॅडमनी त्या बावीस बिया तिच्याच हवाली केल्या. वाटाण्याच्या कुळातलं ते जांभळं रानफूल एका उतारावर तेवढं उरलं होतं, आणि तो उतार नव्या रस्त्याखाली गेला. आता जगात एवढ्याच बिया. मावशीनं एकेकीचं टणक कवच पॉलिश पेपरवर हलकेच घासलं, बिया भिजवून पेरल्या आणि बावीसच्या बावीस उगवल्या!

मग रोपं पिवळी पडू लागली. पाणी बदललं, सावली बदलली, तरी एकेक मान टाकत गेलं. मावशीला घास गोड लागेना.

"मुळांवर गाठी धरल्याच नाहीत," मॅडम मेलेलं रोप उपटून म्हणाल्या. "त्या गाठींतले जंतूच या झाडांना पोसतात. म्हणून तर उतारावरची पोतंभर माती आणून मिसळायला दिली होती."

मावशी गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

"मॅडम, ती माती मी भाजली."

"सगळी?"

"सगळी. पोतंसुद्धा धुतलं."

"आता तशी माती आणायची कुठून? तो उतार तर रस्त्याखाली गेला," मॅडम म्हणाल्या. मावशी मात्र तडक जीपकडे निघाली. पोतं त्याच जीपमधून आलं होतं. ड्रायव्हरचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तो तिला गाडीला हातसुद्धा लावू देत नसे.

"दादा, मागचं कधी झाडलंस?"

"झालं सुरू! आता भाषण नको, मावशी."

"झाडलं नाहीस ना? नाही म्हण रे!"

"नाही. कधीच नाही."

तिनं कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. मग गुडघ्यांवर बसून रबरी चटईखालची वाळकी ढेकळं चमच्यानं खरवडली. ओंजळभर निघाली. उरलेल्या चार रोपांना तिनं ती चिमूट-चिमूट वाटून दिली.

चारही तगली आणि पुढच्या वर्षी फुलली. पाहुणे जमले, वाफ्याशी पाटी लागली. "हे फूल आमच्या मावशींनी वाचवलं," म्हणत मॅडमनी तिला पुढं केलं. टाळ्या पडल्या. मावशीनं हात वर करून त्या थांबवल्या.

"चार वाचली, खरंय. पण अठरा माझ्या हातानं गेली. तेही लिहा त्या पाटीवर, म्हणजे पुढची बाई माती भाजायच्या आधी विचारेल."