बॅटरीसाठी रोह्याला

पत्नी गेल्यानंतर माझी गाडी पेणमध्येच फिरू लागली. दूध, भाजी, वाचनालय. रेडिओवरचं गाणं संपायच्या आत मुक्काम येई, एवढीच अंतरं. एका सकाळी चावी फिरवली तर नुसती टकटक झाली. गाडीबरोबर मिळणारं माहितीपुस्तक सहसा कोणी वाचत नाही. मला वेळ होता, मी वाचलं. इंजिन सुरू होताना बॅटरीतली बरीच वीज जाते, जवळच्या फेरीत ती भरून निघत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब न्यावी, असा त्यात उपदेश होता. लांब कुठे, ते लिहिलेलं नव्हतं.

रोह्याला माझी थोरली बहीण एकटी राहते. पण आमच्या घरात कोणी कोणाकडे उगाच जात नाही. लग्न, बारसं, आजारपण, काहीतरी निमित्त लागतं. दारातला पहिला प्रश्न ठरलेला: "काय काम काढलंस?"

पहिल्या रविवारी मी म्हणालो, "बॅटरी चार्ज करायला आलोय."

"म्हंजे मी विजेचा खांब," ताई म्हणाली आणि तिनं चहा टाकला.

मग दर रविवारी जाऊ लागलो. वडखळच्या नाक्यावर फलकांतले पुढारी हात जोडून उभे असत. आठवडाभरात माझ्याशी इतक्या नम्रतेनं दुसरं कोणी वागत नसे. कासू मागं पडलं की ताईला काय काय सांगायचं, ते मी मनात जुळवू लागे. सांगण्यासारखं फारसं नसे.

पुण्याहून मुलानं चार्जर पाठवला. घरीच लावून ठेवायचा, बॅटरी भरलेली राहते. "बाबा, आता रोह्यापर्यंत रपेट नको," तो फोनवर म्हणाला. त्याची काळजी खरी होती. यंत्रही उत्तम निघालं, हे जास्त वाईट.

शनिवारी ताईला फोनवर सांगितलं.

"मंग आता यायची गरज नाय," ती म्हणाली.

"बॅटरीला नाही."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"माळ्यावरचं मोठं पातेलं काढायचं हाय," शेवटी ती म्हणाली. "माझा हात पोचत नाय."

"कोणी जेवायला येणार आहे?"

"तू ये तर आधी."

रविवारी मी पातेलं काढून दिलं. तिनं ते घासलं, पुसलं, ओट्यावर ठेवलं. त्यात काही शिजलं नाही. जेवताना आम्ही त्याचा विषय काढला नाही.

निघताना ती दारापर्यंत आली.

"पुढच्या रविवारी ते वर ठेवायचं हाय," म्हणाली.