पार्किंगमधले फ्रेझल व्हर्ब

“आय लुक...” एवढं म्हणून वंदना थांबली ती थांबलीच. पुढचा ‘आफ्टर’ काही बाहेर येईना.

शिरवळच्या एका कारखान्यात स्पोकन इंग्लिश शिकवायला मी साताऱ्याहून जात होते. कारखाना मोटारींचे सुटे भाग बनवतो. शुक्रवारी परदेशी कस्टमर लाइन बघायला येणार होते आणि त्यांना माहिती वंदनाने द्यायची होती. ती कितीतरी वर्षं लाइन लीडर. नीट बोलली तर सुपरवायझर होणार, नाहीतर ती जागा बाहेरच्या कुणा डिप्लोमावाल्याला, असं प्लांट हेडसाहेबांनी सरळ सांगून टाकलं होतं.

आमची गाडी फ्रेझल व्हर्बवर अडली होती. क्रियापदाला एखादा चिमुकला शब्द चिकटतो आणि अर्थच बदलून टाकतो, तो फ्रेझल व्हर्ब. लुक म्हणजे बघणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. कारखान्यात दिवसभर हेच लागतात. शट डाउन म्हणजे मशीन बंद करा, स्टेप बॅक म्हणजे मागे सरा. मी रंगीत चार्ट केले, गोष्टी रचल्या. वर्गाने माना डोलावल्या आणि तोंडं मिटून घेतली.

“मॅडम, कळतंय सगळं,” वंदना म्हणाली, “पर त्वांड उघडत न्हाई.”

मागच्या बाकावर सिक्युरिटीचे सुभेदार बसलेले असायचे. फौजेतून रिटायर झालेले, वर्गात फक्त एसीसाठी येणारे. ते उठले.

“आवं मॅडम, असं पुटपुटून भाषा येती व्हय? अर्थ तुमी सांगा, आवाज मी काढतो. चला रं, सगळी पार्किंगमधी!”

मला राग आला. पण शुक्रवार तोंडावर होता, म्हणून गिळला.

पार्किंगमध्ये सुभेदारांनी रांगा लावल्या. एकाने वाक्य ठोकायचं, बाकीच्यांनी तेच परत ओरडायचं. ‘स्टेप बॅक’ ऐकलं की सगळ्यांनी एक पाऊल मागे. निम्म्या जणांच्या घरातलं कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळे मंडळी जाम खूश. सुरुवातीला वंदनाचा आवाज शेजारणीलाही ऐकू येत नव्हता. गुरुवारपर्यंत गेटवरचे ट्रकवाले वळून बघायला लागले.

शुक्रवारी पाहुणे आले, म्हणजे आल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई, बोलणं अगदी हळुवार. वंदनाजवळ थांबून त्यांनी विचारलं, हे मशीन कोण सांभाळतं?

वंदनाने टाचा जुळवल्या. “आय लुक आफ्टर धिस मशीन, मॅम!”

आणि सवयीने अख्खी लाइन गरजली, “आय लुक आफ्टर धिस मशीन, मॅम!”

बाई दचकल्या. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी सोमवारचा डबा मनातल्या मनात रद्द केला.

बाई सावरल्या आणि मशीन जवळून बघायला पुढे झाल्या. जमिनीवर पिवळा पट्टा असतो. मशीन चालू असताना तो कुणी ओलांडायचा नसतो. बाईंचा पाय पट्ट्यापलीकडे पडला. पण कस्टमरला अडवायचं कुणी? साहेब नुसतेच घसा खाकरत राहिले.

“स्टेप बॅक, मॅम!” वंदना कडाडली.

लाइन एक पाऊल मागे गेली. बाई गेल्या. साहेब गेले. मीही गेले.

गेली वंदनाची जागा, असंच मला वाटलं. बाईंनी खाली पट्ट्याकडे पाहिलं, मग वंदनाकडे. आता ठीक आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं.

“येस, मॅम!” वंदना म्हणाली. अर्थात सगळेच म्हणाले.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. निघताना त्या साहेबांना म्हणाल्या की कस्टमर म्हणून बाकी ठिकाणी त्यांना कुणी अडवतच नाही.

वंदना सुपरवायझर झाली. तिने कंदी पेढे आणले. पहिला पेढा सुभेदारांना, दुसरा मला. लक्षात आहे माझ्या.

पुढे काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. “मॅडम, मशीनपेक्षा तुमच्या सुपरवायझरचा आवाज जास्त येतो. मीटिंगमध्ये मला बोलूच देत नाहीत बाई. हळू बोलायचा एखादा कोर्स आहे का?”

मी वंदनाला निरोप दिला.

“मॅडम,” ती म्हणाली, “इतकी वर्सं हळूच बोलत हुते की. कुनाला ऐकू गेलं?”

मी साहेबांना कळवून टाकलं, की बंद तोंड उघडून देणं एवढंच आमच्या सिलॅबसमध्ये आहे. उघडलेलं परत मिटवून मिळत नाही.