बुडण्याचं पान

“अहो, होडीत पाय ठेवू नका!” आईच्या ओरडण्यानं पार पोलादपूरच्या म्हशी दचकल्या. महाडच्या आमच्या घरात एका थोर आधुनिक कादंबरीकाराच्या वचनांची, रोज एका पानाची दिनदर्शिका पंचांगाशेजारीच टांगलेली असे. तारखेचं वाक्य आई राशिभविष्यासारखं वाचायची. त्या दिवशीचं वाक्य बुडण्याबद्दल होतं, आणि सावित्री नदी तांबडीलाल फुगलेली. “त्या कादंबरीवाल्याला आपली नदी काय ठाऊक?” असं गरजून वकील बाबा अशिलाकडे तुडील गावाला निघाले. दिवसभर आम्ही दारातच बसून होतो. आईनं भातसुद्धा टाकला नाही. संध्याकाळी बाबा ठणठणीत कोरडे परतले. “होडी फार हलली का हो?” आईनं रडत विचारलं. चपला काढत बाबा म्हणाले, “पान मीही वाचलं होतं. एसटीनं गेलो.”