माझ्यासाठी, अजून एक

माझ्या हातच्या उपासाने एका बाईचं वजन दोन किलोंनी वाढलं, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

बाई म्हणजे माझी शेजारीण. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आमच्या घराची आणि तिच्या घराची भिंत एकच. सुरिनामची, कृष्णवर्णीय, साठी ओलांडलेली, निवृत्त नर्स. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी दूर उत्तरेला ग्रोनिंगनला. माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो, तेव्हा कुठल्या वारी कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा इथपासून सगळं तिने मला शिकवलं. त्याची परतफेड मी मला जमणाऱ्या एकाच मार्गाने केली, खायला घालून. एकटी बाई स्वतःपुरतं काय शिजवणार, असं म्हणत मी तिला आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी आमच्या टेबलावर बसवायला लागले.

आणि माझा आग्रह म्हणजे काय ते आमच्या नातेवाइकांना विचारा. पोळी वाढताना माझ्या तोंडून आपोआप येतं, "अजून एक, माझ्यासाठी." ती कधी नाही म्हणायची नाही. पहिल्या वर्षातच हे तीन शब्द तिला पाठ झाले होते. मला त्याचा केवढा अभिमान! माझ्या आईच्या माहेरी ताटावर हात आडवा धरणाऱ्या पाहुण्याच्या बोटांच्या फटीतून आमटी वाढायचे. मी त्याच घराण्यातली.

मग तिचा गुडघा गेला. सर्जनने सांगितलं, ऑपरेशन करू, पण आधी नऊ किलो कमी कर. तेवढ्यावर ती ऑपरेशनचा नाद सोडून गप्प बसली असती, तिचा स्वभावच तसा. पण त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला, की तिला दिवस गेलेत. मुलगी राहते तिसऱ्या मजल्यावर, जुन्या डच घरात. तिथला जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. दोन वर्षं झाली मुलगी तिथे राहते आहे, पण हिने तिचं स्वयंपाकघर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. मुलगी खाली येते, दोघी कोपऱ्यावर कॉफी पितात, ही परतीची गाडी पकडते. "नातवंडाला पण मी कॉफीच्या दुकानातच भेटायचं का?" एवढंच ती मला म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

शेजारच्या आइंडहोवनला वजन कमी करणाऱ्यांचा एक गट चालायचा, खास कृष्णवर्णीय मोठ्या माणसांसाठी. सुरिनामचे, कुरासाव बेटावरचे, घानाचे असे दहाबारा जण. आहारतज्ज्ञ बाई स्वतः कुरासावची. दही, काकडी आणि कुरकुरीत पाव असा छापील कागद हातात देऊन बोळवण करणाऱ्यांवर तिचा राग. "तुमच्या आजीचं जेवण मी खोडणार नाही, फक्त मोजायला शिकवणार," असं ती म्हणायची. अट एकच होती, घरचं एक माणूस सोबत आणायचं. कारण घरात जे शिजतं तेच ताटात पडतं. कोणी नवऱ्याला आणलं, कोणी बहिणीला. माझ्या शेजारणीने मला नेलं.

"नातं काय?" आहारतज्ज्ञाने विचारलं.

"हिच्या घरी जेवते मी," शेजारीण म्हणाली.

आहारतज्ज्ञ बाईने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग हीच," म्हणाली.

माझ्या अंगात वारं शिरलं. घरचं माणूस! पहिल्याच बैठकीत मी हात वर करून, माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगून टाकलं, की आमच्याकडे आठवड्यातून दोनदा उपास करायची पद्धत आहे आणि मी हिला सोमवार-गुरुवार करायला लावते. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मी घरी आले ती तरंगतच.

आता मराठी माणसाला पुढचं सांगायची गरजच नाही. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, भरपूर कूट, साजूक तूप, वर ओलं खोबरं. गुरुवारी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, तळलेल्या बटाट्याच्या पापड्या, आणि उपासाने अशक्तपणा येऊ नये म्हणून रताळ्याच्या गोड फोडी. शपथेवर सांगते, माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. उपासाचं आहे ना, मग हलकंच असणार! आणि ती तर हरखूनच गेली. साबुदाणा कसाव्हाच्या कंदाचा असतो हे तिने मला सांगितलं. कसाव्हा आणि शेंगदाणे यांवरच तिचं बालपण गेलेलं. "उपासाच्या दिवशी मला माहेरी गेल्यासारखं वाटतं," म्हणाली. आणि मी वाढत राहिले. अजून एक वाटी, माझ्यासाठी.

महिन्याने वजनकाट्यावर ती चढली आणि दोन किलो जास्त निघाले. बाईंनी तिची रोजच्या खाण्याची वही उघडली. सोमवार, उपास. गुरुवार, उपास. खाली फोटो. बाईंनी चष्मा वर सारून फोटो निरखला आणि मला विचारलं, "यात काय काय आहे?" मी एकेक जिन्नस सांगत गेले. तुपापर्यंत पोचले तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. मग घानाचे एक आजोबा म्हणाले, "असा उपास मला रोज चालेल," आणि सगळी खोली हसत सुटली. मीही हसले.

शेजारीण मात्र हसली नाही. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. घराजवळ उतरल्यावर म्हणाली, "तुझं प्रेम माझ्या गुडघ्यावर बसतंय." आणि काठी टेकत आपल्या घरात गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. नवरा, जो एरवी माझ्या स्वयंपाकाबद्दल चकार शब्द काढत नाही, तो हळूच म्हणाला, "माझ्याही पोटाकडे एकदा बघ." मी त्याच्यावर ओरडले. मग त्याच्या पोटाकडे बघितलं. मग आरशात माझ्याकडे.

तेव्हापासून घरात तेलाची किटली गेली आणि चमचा आला. भाजी दुप्पट, भात निम्मा. खिचडी सणापुरती. सगळ्यात अवघड होतं ते माझं तोंड बंद ठेवणं. तिने "पुरे" म्हटलं की मी डाव खाली ठेवायचे आणि हात मांडीखाली दाबून बसायचे. नवऱ्याला याची भारी गंमत वाटायची.

आणि आम्ही चालायला लागलो. घरामागच्या तळ्याभोवती, डॉक्टरने घालून दिलेल्या बेताने, हळूहळू. पहिल्या आठवड्यात अर्ध्या फेरीतच ती बाकावर बसली आणि उठेचना. समोर पुढचा बाक दिसत होता. मी काय बोलावं या विचारात असतानाच तोंडून गेलं, "अजून एक, माझ्यासाठी."

तिने माझ्याकडे पाहिलं. बंद केलेला आग्रह असा दुसऱ्या दाराने बाहेर आला होता! ती इतकी हसली की काठी हातातून पडली. मग उठली आणि पुढच्या बाकापर्यंत गेली. त्यानंतर वारा असो की भुरभुर पाऊस, मी तिला बाकामागून बाक वाढत गेले. मुलगी फोनवर असायची, स्पीकर चालू ठेवून, ग्रोनिंगनहून आमच्याबरोबर चालत. पोट वाढत होतं तिचं, आणि इथे आमची घटत होती.

नऊ किलो उतरले आणि वसंत ऋतूत ऑपरेशन झालं. नातीचा जन्म त्याच्या तीन आठवडे आधीचा. हॉस्पिटलात मुलगी बाळाला घेऊन आली होती, पण ती भेट शेजारणीने हिशेबात धरलीच नाही. "जिना चढेन तेव्हा खरी," म्हणायची.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा आम्ही दोघी गाडीने ग्रोनिंगनला गेलो. जिना मी पहिल्यांदाच पाहिला आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ती पुढे, कठडा घट्ट धरून. मी मागे, जणू पडलीच तर मी तिला झेलणार होते! पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर ती थांबली. श्वास चढलेला, मानेवर घाम. "नाही होत," ती म्हणाली. वर सहा-सात पायऱ्या उरल्या होत्या.

मी "अजून एक" म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. दारात मुलगी उभी होती, खांद्यावर बाळ. सहा महिने आमच्या फेऱ्या फोनवर ऐकलेल्या त्या पोरीने, डच वळणाच्या मराठीत, आईला म्हटलं, "अजून एक. माझ्यासाठी."

शेजारणीने पाय उचलला. प्रत्येक पायरीला मुलगी तेच म्हणत होती, आणि शेवटच्या पायरीवर तिने बाळच आईच्या हातात दिलं. त्याला घेऊन शेजारीण आधी बसली नाही. सरळ आत गेली आणि स्वयंपाकघर बघून आली.