कुरडयांनी वर उचललेलं घर

बुधवारी सकाळी लॅपटॉप उघडला आणि बघते तर काय... तरसालीतलं आमचं घर पाच दिवसांत दीड सेंटीमीटर वर आलं होतं!

हसू नका... आमच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, सिमेंटच्या खांबावर एक अँटेना आहे, भोवती दोरी बांधलेली. उपग्रहांचे सिग्नल पकडून जमीन किती सरकली, ते ती मिलिमीटरमध्ये सांगते. आपलं अख्खं बडोदं कणाकणाने ईशान्येला चाललंय आणि आपल्याला पत्ताही नाही... माझी पीएचडी त्यावरच आहे. तीन वर्षं झाली.

दीड सेंटीमीटर म्हणजे चेष्टा नाही हो! जमीन अशी उगाच उठत नाही, म्हणजे नक्की कुणीतरी अँटेना हलवली. एकदा ती हलली की आधीच्या मोजणीशी धागा तुटला... आणि शनिवारी सरांना ग्राफ द्यायचा होता.

चहा तसाच टाकून वर पळाले आणि दारातच थिजले. अँटेनाभोवती स्टीलच्या पाच पराती, उन्हात नुसत्या चकाकत होत्या. त्यांत कुरडया!

"मीच ठेवल्यात," मागून सासूबाई आल्या. "दोरीच्या आत कुणी पाय टाकायचा नाही, असं तूच बजावलंस ना सगळ्यांना? अख्ख्या अगाशीत तेवढीच सुरक्षित जागा. तुझ्या यंत्राला बोटसुद्धा नाही लावलं हो मी."

मी कपाळावर हात मारला. सिग्नल परातींवर आपटून अँटेनात शिरत होते आणि बिचारं यंत्र त्यांनाही खरं मानत होतं. अँटेना जागच्या जागी होती... पण ते सरांना पटणार कसं? पराती कधी होत्या, कधी नव्हत्या, कोण सांगणार?

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभं केलं. त्यांच्याच अक्षरात वाळवणाची नोंद होती. 'शुक्र. ९ ते ५. पहिला घाणा. ऊन कडक.' शनि, रवि, सोम, मंगळ... सगळं वेळेसकट!

तेवढे तास वगळले आणि ग्राफ मुकाट्याने खाली आला. मी तिथेच फरशीवर बसून रडले. "बस, एटलुंच? एवढंच ना?" म्हणत त्या पराती उचलायला गेल्या.

खरा धक्का मला नंतर बसला. त्या पाच दिवसांत माझ्या स्वतःच्या फील्ड नोटबुकात एक ओळ नव्हती... आणि "आई, तुम्हाला नाही कळायचं ते" असं मी त्यांना तीन वर्षं ऐकवत होते. लाज वाटली.

नोटबुक आता त्यांच्याकडे दिलंय. काल त्यांनी पहिली नोंद केली...

'अगाशी रिकामी. ऊन कडक. सूनबाई पोटभर जेवली.'