डावीकडची खुर्ची

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कुणी दृष्ट, बाहेरची बाधा असला विषय काढला की मी सरळ दार दाखवायचे.

मी स्पीच थेरपिस्ट. कळमनुरीत मेडिकलच्या मागे माझी खोली. भिंतीवर मोठा आरसा, समोर तीन खुर्च्या. मधली लेकराची, उजवी माझी, डावी पूर्वी आमच्या बाईंची. या भागातल्या पहिल्या थेरपिस्ट त्याच. हाच आरसा चादरीत गुंडाळून एसटीनं गावोगाव फिरायच्या, लोक ‘आरसेवाली’ म्हणून हसायचे. लेकराचा एक हात आपल्या गळ्यावर, दुसरा त्याच्या स्वतःच्या... आवाजाची थरथर हाताला कळली पाहिजे, ही त्यांची पद्धत.

त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि पेशंटसमोर म्हणाले, “बाई, हे जुनं झालं. आता टॅबलेट असतो.” त्या उठल्या. “तुझ्या गळ्यावर हात ठेवून एक लेकरू बोलणार नाही,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. वारल्या तेव्हा मी गेलेही नाही. खवटच होत्या!

यंदा एक मेंढपाळ कुटुंब आलं. चार वर्षांची राधा, ऐकू नीट येतं, पण शब्द एक नाही. तीन महिने झाले तेव्हा एका सकाळी तिची आजी कडाडली, “आरशात तोंड पाहायला काहून यायचं इथं? आज न्हाई बोलली तर लेकरू अन् माय, दोघींला साखऱ्याला माहेरी धाडते. कायमचं!”

राधाची आई माझ्याकडे बघत राहिली. टॅबलेट कधीच हरला होता. नाक मुठीत धरून मी बाईंचीच पद्धत काढली. राधाचा हात माझ्या गळ्यावर ठेवला. “आ... ई...”

तिनं हात झटकला. डावीकडे नेला, रिकाम्या खुर्चीवर, बसलेल्या माणसाच्या गळ्याइतका उंच. बोटं वाकवून तिथं टेकवला. हवेत! दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर. मग आरशात बघत स्पष्ट म्हणाली, “आई.”

आई हमसून रडायला लागली. आजीनं लेकराला उचललं, “बोलली गं माय! आता कुटं न्हाई धाडत, दोघी घरलाच चला!” मी पुढं होऊन म्हटलं, “राधा, परत म्हण.” तिनं आजीच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. “तू गप.”

हे बाई मला म्हणायच्या. याच खोलीत, रोज.

राधा आता घरी दिवसभर बडबडते म्हणे. तिच्यानंतर आणखी चार लेकरं बोलती झाली. सगळ्यांनी हात डावीकडेच नेला. ती खुर्ची मी दोनदा बाहेर काढली, तरी त्यांचा हात तिथंच जातो. कारण मला सापडलेलं नाही. राग येतो, खरंच येतो. लेकरं बोलतात, आया मला पेढे देतात... आणि माझ्या गळ्यावर हात ठेवून अजून एकही बोललेलं नाही.